लेहला नेता, पण लेह दाखवत नाही: लडाखच्या सहली काढणाऱ्या मराठी सहल संस्थांना खुले पत्र

प्रति,
लेह-लडाखच्या सहली काढणाऱ्या महाराष्ट्रातील सर्व सहल संस्थांचे संचालक आणि टूर मॅनेजर यांस,

सप्रेम नमस्कार.

येत्या उन्हाळ्याची आपली सहलपत्रके घरोघर आणि मोबाइलवर येऊ लागली आहेत. माझ्यापर्यंत आलेली मी शेजारी शेजारी ठेवून वाचली. काही वर्षांपूर्वीच्या पत्रकांत आल्चीचे मंदिर आणि बास्गोचा किल्ला ही नावे असत, ती आता निघून गेली आहेत. लेहचा राजवाडा ‘बाहेरून’ एवढाच उरला आहे, आणि मोकळ्या झालेल्या वेळात वाळूत चालवायच्या चारचाकी बाइक, राफ्टिंग आणि एका हिंदी चित्रपटात झळकलेली शाळेची भिंत येऊन बसली आहे. हा बदल कोणी जाहीर केला नाही, त्यामुळे त्यावर कोणी बोललेही नाही. आपल्याला एकेकट्याला न लिहिता हे पत्र उघडपणे लिहिते आहे, कारण सहलीचे पैसे भरणाऱ्या मराठी माणसानेही ते वाचावे अशी माझी इच्छा आहे.

मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. अजिंक्यताऱ्याच्या सावलीत वाढल्यामुळे किल्ला म्हटले की पाय आपोआप तिकडे वळतात. गेल्या वर्षी आपल्यापैकीच एका संस्थेबरोबर मी लेहला जाऊन आले. त्या संस्थेचे नाव घेत नाही, कारण इतरांची पत्रके वाचल्यावर दोष एकीचा नाही हे स्पष्ट झाले. येत्या जूनमध्ये आमच्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा एक गट लेहला जाणार असून संस्था निवडण्याचे काम त्यांनी माझ्यावर सोपवले आहे. त्यामुळे ही तक्रार लिहून मोकळे होण्यापुरती नाही, माझे यात प्रत्यक्ष काम अडलेले आहे.

आधी जे आपले आहे ते आपल्याला देते. ज्यांनी मुंबईपलीकडे विमान पाहिले नव्हते अशा साठी-सत्तरीच्या माणसांना आपण सुमारे ३,५०० मीटर उंचीवरच्या लेहला नेऊन सुखरूप परत आणता. तिथे सकाळी पोहे मिळतात, रात्री वरणभात मिळतो, गाडीत प्राणवायूचा सिलिंडर असतो. हे सोपे काम नाही, आणि त्याची चेष्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. पण एवढी यातायात करून माणसाला तिथवर नेल्यावर, ज्यासाठी ते गाव हजारभर वर्षे ओळखले गेले तेच त्याला न दाखवता परत आणायचे, हे मला मान्य नाही.

पहिली तक्रार लेह गावाबद्दलच आहे. विमानाने आलेल्या माणसाने किमान ४८ तास विश्रांती घ्यावी, असे तिथले प्रशासन आणि डॉक्टर सांगतात. आपल्या बहुतेक कार्यक्रमांत पहिला दिवस विश्रांतीचा असतो, दुसऱ्या दिवशी मॅग्नेटिक हिल आणि सिंधू-झंस्कार संगम असतो, आणि तिसऱ्या दिवशी ५,३०० मीटरहून उंच असलेली खारदुंग ला ही खिंड ओलांडून गाडी नुब्रा खोऱ्यात उतरते. म्हणजे शरीर जेमतेम सावरते न सावरते तोच आपण त्याला आणखी वर नेतो, आणि लेह मात्र मुक्कामाच्या हॉटेलाचे गाव होऊन राहते. दुसरा दिवस जुन्या लेहच्या खालच्या गल्ल्यांत सावकाश फिरण्यात आणि तिसऱ्या दिवसाची सकाळ राजवाड्यात घालवली, तर शरीरालाही उसंत मिळेल आणि गावही पाहून होईल. यात आपला एक पैसाही वाढत नाही.

आपण ‘बाहेरून’ दाखवता तो राजवाडा काय आहे, हे गाडीत एकदा तरी सांगितले जावे. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात सेंगे नामग्याल या राजाच्या काळात उभी राहिलेली ही नऊ मजली वास्तू आहे. तिबेटमधल्या ल्हासाचा पोताला राजवाडा आज ज्या रूपात आपल्याला ठाऊक आहे त्याचे बांधकाम १६४५ मध्ये सुरू झाले, म्हणजे लेहचा राजवाडा त्याच्या आधीचा. दगड, कच्ची वीट आणि लाकूड यांतून उभारलेल्या त्याच्या भिंती वर जाताना आत झुकत जातात. खालच्या मजल्यांवर तबेले आणि कोठारे होती, वर राजकुटुंब राहत असे. १८३४ मध्ये जोरावरसिंगाच्या डोगरा फौजा लडाखवर चालून आल्या, राज्य गेले, आणि राजघराणे सिंधूच्या पलीकडे स्तोकला राहायला गेले. राजवाड्याच्या माथ्यावर जो नामग्याल त्सेमो दिसतो तो सोळाव्या शतकातल्या ताशी नामग्यालचा किल्ला असून त्याला लागूनच मैत्रेयाचे, म्हणजे भावी बुद्धाचे, मंदिर आणि रक्षक देवतांचे दालन आहे. गड आणि देऊळ एकाच डोंगरावर असणे आपल्याला नवे नाही, आणि म्हणूनच मराठी माणसाला ही जागा समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत.

आमच्या सहलीत बाजारातल्या चौकात गाडी थांबली, बोटाने वर दाखवले गेले, फोटो निघाले आणि गाडी सुटली. ‘प्रवेशशुल्क समाविष्ट नाही’ ही ओळ पत्रकात बारीक अक्षरात होती, त्यामुळे निम्मे लोक तसेही वर गेले नसते. हजारो रुपयांच्या सहलीत पुरातत्त्व खात्याच्या तिकिटाचे पैसे वेगळे काढायचे, ही काटकसर मला कळत नाही.

राजवाड्याच्या पायथ्याशी असलेल्या वस्तीचे तर नावही निघाले नाही. सतराव्या शतकातली जामा मशीद, तिच्यामागच्या अंधाऱ्या बोळांतून वर चढत जाणारी घरे, डोक्यावरून एका घरातून दुसऱ्या घरात गेलेल्या खोल्या, मधेच एखादे चोर्तेन म्हणजे स्तूप, राजाच्या चिटणिसांचा म्हणजे मुन्शी घराण्याचा वाडा, जो दुरुस्त करून आता कलाकेंद्र झाला आहे, हे सगळे बाजारापासून चालत काही मिनिटांवर आहे. या घरांची छपरे म्हणजे पॉप्लरच्या तुळया, त्यांवर वाळुंजाच्या काड्या आणि वर मातीचा थर. वर्षाला सरासरी १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हे छप्पर पिढ्यानपिढ्या टिकते. तिथे एका रात्रीत मुसळधार कोसळले की काय होते ते ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीने दाखवले. जुने लेह २००८ मध्ये जगातल्या सर्वाधिक धोक्यात असलेल्या वारसास्थळांच्या यादीत आले होते. तिथे पाहुणे आले, त्यांनी चहा घेतला, एखादी वस्तू विकत घेतली, तर ती घरे सोडून न जाण्याला एक कारण मिळते. आपल्या गाड्या मात्र बाहेरच्या रस्त्यावरच्या मोठ्या दुकानांसमोरच का थांबतात, हे आपण आणि ती दुकानेच जाणोत.

दुसरी तक्रार बास्गोची. माझ्या मते हीच सर्वांत गंभीर आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

संगमावर फोटो काढून आपली गाडी मागे वळते. तिथून पुढे निम्मू ओलांडले की काही किलोमीटरवर बास्गो आहे. १६७९ मध्ये तिबेट आणि मंगोलांच्या फौजांशी लडाखचे युद्ध सुरू झाले, आणि हटत हटत मागे आलेल्या राजा देलेग नामग्यालने शेवटी या बास्गोच्या किल्ल्याचा आसरा घेतला. वेढा तीन वर्षे चालला असे परंपरा सांगते. मराठी वाचकाने ही वर्षे आपल्या सनावळीशेजारी ठेवून पाहावीत. १६८० मध्ये शिवाजी महाराज रायगडावर निवर्तले. १६८१ च्या अखेरीस औरंगजेब बुऱ्हाणपुरास आला आणि संभाजीराजांविरुद्धची मोहीम सुरू झाली. तो दख्खनेत तळ ठोकून असतानाच, १६८३ मध्ये, त्याच्याच काश्मीरच्या सुभेदाराने पाठवलेली मोगल फौज बास्गोच्या राजाच्या मदतीला धावली आणि वेढा उठला. अर्थात फुकट नव्हे: लडाखी राजाला मोगलांचे वर्चस्व मान्य करावे लागले, आणि पश्मिन्याच्या लोकरीचा व्यापार काश्मीरच्या हाती गेला. १६८४ च्या तिंगमोसगांगच्या तहाने तिबेटशी सीमा ठरली. सह्याद्रीतल्या गडांना ज्या बादशहाने वेढे घातले त्याच्याच फौजेने हिमालयातल्या एका गडाचा वेढा उठवला, ही गोष्ट ऐकल्यावर आपल्या गाडीतला कोणता मराठी प्रवासी ‘राहू द्या, पुढे चला’ म्हणेल?

खरेदीसाठी मोकळ्या ठेवलेल्या दुपारी मी स्वखर्चाने टॅक्सी करून तिथे गेले. पिवळट मातीच्या सुळक्यांतून पडक्या भिंती अशा वर आल्या आहेत की कडा कुठे संपतो आणि तट कुठे सुरू होतो ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. देवळाला कुलूप होते. लडाखमध्ये लहान देवळांचे असेच असते. किल्ली सांभाळणारा लामा शेतात किंवा पलीकडच्या घरात असतो, त्याला निरोप धाडायचा आणि उंबऱ्याशी बसून राहायचे. लामाजी आले, त्यांनी दार ढकलले, आणि डोळे अंधाराला सरावल्यावर आधी मैत्रेयाचे पाय दिसले, मग मांडी, मग दोन मजल्यांवर जाऊन चेहरा. मातीची मूर्ती, चारी भिंतींवर चित्रे, आणि पावसाचे पाणी झिरपून एका कोपऱ्यात रंगांवरून खाली आलेले ओघळ. ही मंदिरे कोसळण्याच्या बेतात असताना बास्गोच्या गावकऱ्यांनी समिती करून ती वाचवली, आणि २००७ मध्ये त्या कामाला युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांतला सर्वोच्च सन्मान मिळाला. लोकांनी आपला गड आपल्या हाताने राखल्याचे याहून चांगले उदाहरण महाराष्ट्रातल्या दुर्गप्रेमींना दुसरे कुठे दाखवाल? जुलै २०२५ मध्ये मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले तेव्हा आपण सर्वांनी आपापल्या कार्यालयांतून पेढे वाटल्याची छायाचित्रे टाकली होती. तो आनंद खरा असेल, तर बास्गोवरून गाडी मागे वळू नये.

तिसरी तक्रार आल्चीची आहे आणि ती कारणासकट आहे. ‘तिथे आत फोटो काढू देत नाहीत, लोकांना कंटाळा येतो,’ असे मला सांगण्यात आले. सिंधूकाठी, लेहपासून सुमारे दोन तासांवर, सुमारे आठशे-नऊशे वर्षांपूर्वीचे सुमत्सेक नावाचे तीन मजली मंदिर उभे आहे. त्यातल्या तीन बोधिसत्त्वांच्या मूर्ती एवढ्या उंच आहेत की त्यांची डोकी वरच्या मजल्यात गेली आहेत. अवलोकितेश्वराने नेसलेल्या धोतरावर तेव्हाच्या काश्मिरातले राजवाडे आणि देवळे बोटभर उंचीत रंगवलेली आहेत. काश्मीरच्या खोऱ्यात त्या काळची चित्रकला उरली नाही. ती पाहायची तर इथेच यावे लागते. अजिंठ्याचा पद्मपाणी म्हणजे हाच अवलोकितेश्वर, आणि अजिंठ्यालाही फ्लॅश चालत नाही, तरी महाराष्ट्रातून अजिंठ्याच्या सहली बंद झालेल्या मी ऐकल्या नाहीत. ज्या ठिकाणी मोबाइल खिशात ठेवावा लागतो ते ठिकाण पाहण्यासारखे नाही, हा निकष सहल संस्थांनी लावावा हे मला लाजिरवाणे वाटते.

वागण्याबद्दल थोडक्यात लिहिते, कारण यात दोष आम्हा प्रवाशांचाही आहे. ठिकसेच्या मठात सकाळची पूजा चालू होती. लामांच्या दोन रांगा समोरासमोर बसल्या होत्या, आणि बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा मोठी किटली घेऊन वाकून वाकून प्रत्येकाच्या वाटीत लोण्याचा चहा ओतत होता. आमच्यातल्या एकाने त्याच्या नाकासमोर मोबाइल धरला. मुलगा थांबला, त्याला पुढे जाता येईना, आणि त्याच वेळी दारातून आमच्या टूर मॅनेजरांनी मोठ्याने डोकी मोजायला सुरुवात केली. त्यांना कोणी वाईट माणूस म्हणणार नाही; त्यांना कोणी शिकवलेच नव्हते एवढेच. चोर्तेनला आणि मणी भिंतीला, म्हणजे मंत्र कोरलेल्या दगडांच्या भिंतीला, उजवीकडे ठेवून जायचे, पूजा चालू असताना भिंतीकडेने बसायचे, मातीच्या तटावर फोटोसाठी चढायचे नाही (रायगडचा कातळ आणि शे गावच्या राजवाड्याची कच्ची वीट यांत फरक आहे), हे पाच मिनिटांत सांगून होते.

स्पितुकच्या गोम्पातले, म्हणजे मठातले, रक्षक देवतांचे दालन आपल्या पत्रकांत ‘कालीमाता मंदिर’ म्हणून येते. तिथे वज्रभैरव आणि इतर बौद्ध देवता आहेत, त्यांचे चेहरे वर्षभर झाकलेले असतात आणि हिवाळ्यातल्या गुस्तोर उत्सवातच उघडतात. नमस्कार कोणीही करावा, पण ज्यांचे देऊळ आहे त्यांना विचारून पत्रक छापावे. आपल्या गाड्यांत महाराष्ट्रातले बौद्ध प्रवासीही असतात, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात ज्यांनी बाबासाहेबांसोबत धम्म स्वीकारला त्यांची मुले-नातवंडे. त्यांचा बौद्ध धम्म आणि लडाखचा वज्रयान यांत अंतर आहे, तरी गोम्पा त्यांच्यासाठी नुसते ‘साइटसीइंग’ नसते. शेला राजा देलदान नामग्यालने १६५५ मध्ये वडिलांच्या स्मरणार्थ घडवलेला तांब्याचा, सोन्याचा मुलामा दिलेला, तीन मजली उंचीचा शाक्यमुनी आहे. माझ्या शेजारच्या सीटवरच्या ताईंनी त्याच्यासमोर हात जोडून त्रिशरण म्हणायला सुरुवात केली होती. ते पुरे व्हायच्या आत खालून ‘चला, शाळेची भिंत राहिलीये’ अशी हाक आली. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मी बोलते आहे.

आपले उत्तर मला ठाऊक आहे: लोकांना पँगाँग सरोवरच हवे असते. असेल. पण जे पत्रकात छापलेलेच नाही ते लोक मागणार कसे? पँगाँग काढून टाका असे मी म्हणत नाही. जाऊन-येऊन दहा-अकरा तास गाडीत बसायला तयार असलेला माणूस बास्गोसाठी दीड तास देणार नाही, हे आपण त्याला न विचारताच ठरवले आहे, एवढेच माझे म्हणणे आहे.

तेव्हा मागण्या अशा. लेह गावाला, म्हणजे राजवाडा, त्सेमो आणि जुनी वस्ती यांना, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसांत मिळून किमान एक पूर्ण दिवस द्यावा, आणि त्सेमोपर्यंत ज्यांना चढवणार नाही त्यांच्यासाठी गाडीची सोय ठेवावी. संगमाच्या दिवशी गाडी बास्गोपर्यंत न्यावी, किल्ली सांभाळणाऱ्या लामांना आदल्या दिवशी कळवावे, आणि शक्य त्या कार्यक्रमात त्याच रस्त्याने पुढे आल्ची जोडावे. आल्चीत मात्र चाळीस माणसे एका वेळी आत न सोडता लहान गट करावेत, कारण ते दालन लहान आहे आणि चित्रांना गर्दीचा श्वासही सोसत नाही. सर्व स्मारकांचे आणि गोम्पांचे प्रवेशशुल्क सहलीच्या किमतीत धरावे. लेह आणि सिंधूकाठच्या गावांसाठी लडाखी मार्गदर्शक नेमावा, त्याला ठरलेला मोबदला द्यावा, आणि त्याचे हिंदी बोलणे मराठीत सांगण्याचे काम टूर मॅनेजरांनी करावे. टूर मॅनेजरांना गोम्पातल्या वागण्याचे आणि त्या इतिहासाचे प्रशिक्षण हंगामाआधी मिळावे. स्पितुकची नोंद दुरुस्त करावी. आणि जे ठिकाण फक्त रस्त्यावरून दिसणार आहे त्यापुढे तसे मोठ्या अक्षरात लिहावे, म्हणजे पैसे भरताना फसगत होणार नाही.

या पत्राच्या मराठी वाचकांना एक विनंती आहे. आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी संस्थेला तीन प्रश्न लेखी विचारा: राजवाड्याच्या आत नेणार का, बास्गोला थांबणार का, आणि लडाखी मार्गदर्शक असणार का. उत्तर ‘वेळ मिळाल्यास’ असे आले, तर ते ‘नाही’ समजा.

आपल्यापैकी ज्या संस्था गुढीपाडव्यापर्यंत सुधारित पत्रक काढतील त्यांच्यापैकीच एकीकडे आमचा गट नाव नोंदवील. कोणीच काढले नाही, तर लेहमधल्या स्थानिक संस्थेमार्फत जाण्याची आमची तयारी आहे, मग वरणभात मिळाला नाही तरी चालेल. उत्तर मला वेगळे पाठवण्याची गरज नाही. पत्रक वाचून कळेलच.

आपली,
एक निवृत्त इतिहासशिक्षिका
सातारा